दादाचं दुकान

(शॉमबर्ग येथील निधी-संकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं आम्हाला बोलायला सांगितलं तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटलं होतं. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमधले. चारचौघांत बोलायचं म्हणजे आमची मजल सोमवारच्या स्टेटस मीटिंगपर्यंत. पण निधी कशासाठी आहे ते कळलं आणि गप्प बसणं बरं वाटेना. मणक्याला मार लागून कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसांच्या घरी ज्या वस्तू लागतात, त्यांच्यासाठी आज आपण पैसे जमवतोय. त्या घरांपैकी एक घर आमचं आहे.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. तिथं आई, दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं. आमच्यापैकी एक जण त्यांना दादा म्हणतो आणि दुसरी भावजी म्हणते. आज सोयीसाठी दादाच म्हणू. एकेरीवर आलो तर भावजी रागावणार नाहीत, त्यांची परवानगी काढली आहे. आणि आज जे सांगणार आहोत त्याचीही काढली आहे, कारण त्यातल्या काही गोष्टी आपण चारचौघांत बोलत नाही.

दादाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी यायच्या, तो जुनी कॉइल काढून नवी तांब्याची तार भरायचा. जून २०१९ मध्ये पावसाच्या आधी गोठ्याच्या पत्र्यावर प्लास्टिक अंथरायला तो सकाळी सकाळी वर चढला. पत्रा गंजलेला होता. दहा-बारा फुटांवरून खाली, आणि पाठ नेमकी दगडी गव्हाणीच्या कडेवर. इथे तेव्हा शनिवारची संध्याकाळ होती. वुडफिल्ड मॉलमधून बाहेर पडून आम्ही गाडी कुठे लावली ते शोधत होतो. फोन आला. दादाच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य वहिनींनी आम्हाला सांगितलं, "माझे पाय हायत का बघा."

शेजारीपाजारी धावून आले. दोघांनी बगलेत धरलं, दोघांनी पाय धरले, उचलून जीपमध्ये घातलं. त्यांच्या जागी आम्ही असतो तरी हेच केलं असतं. पण पाठीला किंवा मानेला मार लागल्याची शंका असेल तर माणसाला असं झोळीसारखं उचलायचं नसतं. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, चार-पाच जणांनी एकदम, सपाट फळीवर घ्यायचं असतं. घराचं दारसुद्धा चालतं. पडल्यामुळे किती इजा झाली आणि उचलल्यामुळे किती, हे आता कुणीच सांगू शकत नाही, आणि आम्ही ते कुणाला विचारतही नाही. भारतातल्या आपल्या माणसांना एवढी एक गोष्ट फोनवर सांगून ठेवा.

पाठीचा बारावा मणका फुटला होता. डॉक्टरांनी रॉड आणि स्क्रू घालून तो जोडला. हाड जुळतं. पण मणक्यांच्या आतून जो मज्जारज्जू जातो, मेंदूकडून खाली निरोप नेणारा आणि खालचे निरोप वर आणणारा, तो तसा जुळत नाही. आम्ही पडलो इंजिनिअर, आमच्या डोक्यात केबल. तुटली तर जोडायची, त्यात काय! हाताच्या बोटातली नस कापली तर पुष्कळदा पुन्हा वाढते. मज्जारज्जूतले तंतू मात्र तसे वाढत नाहीत. इजा अर्धवट असेल तर पहिल्या काही महिन्यांत बरंच काही परत येतं. दादाची इजा पूर्ण होती.

हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ते दादाला सांगायचं कुणी? कुणीच सांगितलं नाही. "सहा महिन्यांत पळायला लागशील" असं जो तो म्हणे. आम्हीसुद्धा व्हिडिओवर हेच म्हणालो. आणि इकडे रात्री जागून एक स्प्रेडशीट केली. जगात कुठे कुठे काय उपचार चालतात, कोण काय दावा करतं, खर्च किती. एक्केचाळीस ओळी भरल्या. त्यातल्या एका ठिकाणी स्टेम सेलची इंजेक्शनं देऊन माणूस चालायला लावतो असं म्हणत होते. आईनं उसाचं एक एकर विकायची तयारी केली आणि गिऱ्हाईकही बघून ठेवलं. आम्ही आगाऊ रक्कम भरण्याच्या बेतात होतो. भारताच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की रक्ताचे ठरावीक आजार वगळता स्टेम सेल हा सिद्ध झालेला उपचार नाही, ते फक्त मान्यताप्राप्त संशोधनात द्यावं, आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. एक्केचाळीस ओळी शोधणाऱ्या आम्हाला हे एक पान शोधावंसं वाटलं नव्हतं.

आम्हाला थांबवलं ते ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं. टेस्टिंगमधला माणूस, वीस वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडलेला, तेव्हापासून खुर्चीत. इथून तीसेक मैलांवर शिकागोत जे मोठं पुनर्वसन रुग्णालय आहे, २०१७ पासून ज्याचं नाव शर्ली रायन ॲबिलिटीलॅब आहे, तिथं तो शिकला. हो, शिकला. तो "बरा झालो" म्हणत नाही, "शिकलो" म्हणतो. चार वर्षं आम्ही त्याच्याबरोबर कॉफी प्यायलो होतो आणि एकदाही त्याला काही विचारलं नव्हतं. आपल्याला वाटतं, विचारणं बरं दिसत नाही.

स्प्रेडशीट त्यानं बघितलीच नाही. त्यानं तीन प्रश्न विचारले. त्याची कातडी कशी आहे? लघवी कशी करतो? घरातून शेवटचा बाहेर कधी पडला? तिन्हींची उत्तरं आमच्याकडे नव्हती. रोज फोन करत होतो, आणि रोज एकच प्रश्न विचारत होतो, "पाय हलतो का रे?"

त्या रात्री वहिनींना विचारलं. त्या आधी बोलेनात. मग रडायला लागल्या. माकडहाडावर जखम झाली होती, लिंबाएवढी, आणि खोल. बेडसोर. आम्ही इथून पैसे पाठवून बटणावर वरखाली होणारा महागाचा पलंग घेतला होता आणि मोठी कामगिरी केली असं समजत होतो. पण दर दोन तासांनी कूस बदलायची असते, रात्रीसुद्धा, हे आमच्यापैकी कुणी मनावर घेतलं नव्हतं. दवाखान्यातून निघताना सांगितलं असेलही. त्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहतं? वहिनी रात्री उठायच्या, तर आई म्हणायची, "झोपलाय पोर, झोपू दे. दिवसभर तळमळत असतो." आईची मायाच ती. आपण झोपेत न कळत कितीदा तरी कूस बदलतो, कारण अंग दुखतं. त्याला दुखणं कळत नव्हतं, आणि म्हणून तो शांत झोपत होता.

ही जखम म्हणजे किरकोळ बाब नव्हे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मणक्याची इजा झालेली बहुतेक माणसं वर्ष-दोन वर्षांत दगावत, आणि ती पाय गेले म्हणून नव्हे, तर बेडसोर आणि लघवीचा संसर्ग यांनी. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलच्या इस्पितळात लुडविग गुटमन नावाचे डॉक्टर आले. नाझी राजवटीतून पळून आलेले ज्यू डॉक्टर. त्यांच्याकडे चमत्कारी औषध नव्हतं. त्यांनी सैनिकांना दर दोन तासांनी, रात्रंदिवस, कुशीवर वळवायला लावलं, स्वतः रात्री वॉर्डात जाऊन तपासलं, आणि माणूस तगतो आहे असं दिसताच त्याला कामाला आणि खेळाला लावलं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनचं ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी इस्पितळाच्या आवारात सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. आजचं पॅरालिंपिक ते तिथून निघालं.

तर आम्ही मोबाईलवर गजर लावले. शॉमबर्ग आणि वाळवा यांच्यात उन्हाळ्यात साडेदहा तासांचा फरक आणि हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे त्यांची रात्र हा आमचा ऑफिसचा दिवस. दर दोन तासांनी मिटिंगमधून उठून एक मिस्ड कॉल द्यायचा. वहिनी किंवा थोरला पुतण्या उठून कूस बदलायचा आणि उलट मिस्ड कॉल. पाच महिने लागले जखम भरायला. खरं सांगायचं तर दादासाठी आम्ही जे काही केलं त्यात सगळ्यात उपयोगी हेच, आणि त्याला एक पैसा लागला नाही.

नोव्हेंबरमध्ये तीन आठवड्यांची रजा काढून आम्ही गेलो. दादाला खरं सांगायचं ठरलं होतं. कसं सांगायचं याची विमानात उजळणी केली. त्यानं आम्हाला पुरतं बोलूही दिलं नाही. म्हणाला, "मला दोन महिन्यांपूर्वीच कळलंय. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून गप्प होतो." मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आई उठून चहा ठेवायला गेली.

त्या तीन आठवड्यांत आमची इंजिनिअरिंगची डिग्री पहिल्यांदा घराच्या कामी आली. घराचा ओटा दोन फूट उंच. त्याला उतार हवा होता. गवंड्यानं आम्ही पोचायच्या आधीच सहा फुटांचा उतार करून ठेवला होता. त्यावरून दादाला वर न्यायला मागून दोन माणसं लागत आणि खाली येताना खुर्ची निसटण्याची भीती. अमेरिकेत १९९० च्या अपंगांसाठीच्या कायद्यापासून उताराचं प्रमाण ठरलेलं आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. म्हणजे दोन फुटांना चोवीस. गवंडी म्हणाला, "चोवीस फूट? घरात ट्रॅक्टर न्यायचाय का?" मग भिंतीच्या कडेनं बारा फूट, तिथं वळायला सपाट जागा, आणि परत बारा फूट असा काढला. उंबरा काढायला आई तयार नव्हती. लक्ष्मीचा उंबरा कसा काढायचा? शेवटी तिनंच तोड सांगितली. उंबरा जागेवर ठेवायचा आणि दोन्ही बाजूंनी सिमेंटची चढण द्यायची. अजून दिवाळीत ती त्यावर रांगोळी काढते. संडासचं दार चार इंचांनी रुंद केलं, आत कमोड बसवला, भिंतीला पाइप ठोकले. एकूण खर्च त्या पलंगाच्या निम्माही झाला नाही.

खुर्चीचंही तसंच. पहिली खुर्ची स्टेशनवर असते तसली, जड आणि ढगळ. तिच्यात बसवतात आणि दुसऱ्यानं ढकलायचं. स्वतः हातानं चालवायची खुर्ची माणसाच्या मापाची लागते. कमरेची रुंदी, मांडीची लांबी, पाय ठेवायची उंची, सगळं मोजून. चपलेचं माप आपण बघतो, आणि दिवसाचे बारा तास बसायच्या खुर्चीचं बघत नाही! आणि तिच्यावर हवेची किंवा जेलची गादी. ती नसेल तर बेडसोर आलाच म्हणून समजा. ती असली तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं. लघवीची कायमची नळी काढून दर चार ते सहा तासांनी स्वतःच्या हातानं स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं, हे तो एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडून शिकला. त्यानंतर ताप येणं पुष्कळच कमी झालं.

मग मार्च २०२० आला. विमानं बंद, फिजिओ बंद, सगळंच बंद. आम्ही इथे हात चोळत बसलो. पण गंमत बघा, याच काळात दादा सुटा झाला. बाहेरचं कुणी येऊ शकत नव्हतं, वहिनी अंगणवाडीच्या कामानं दारोदार फिरत होत्या, आणि आईच्यानं त्याला उचलणं होत नव्हतं. मग पलंगावरून खुर्चीत फळीवरून सरकत जायचं तो एकट्यानं शिकला. दोनदा पडला. आई व्हिडिओवर आम्हाला दाखवायची आणि ओरडायची, "सांगा की रं त्याला!" आम्ही काय सांगणार? आमचा शिकागोवाला सहकारी म्हणाला होता, "त्याच्या पाठीमागं उभे राहा आणि हात खिशात ठेवा." हात खिशात ठेवणं महाकठीण. आपल्याकडं प्रेम म्हणजे करून देणं. ताट वाढून देणं, पाणी हातात देणं, उचलून नेणं. दादा एकदा चिडून वहिनींना म्हणाला होता, "तुम्ही सगळ्यांनी मिळून मला देव्हाऱ्यात बसवलाय."

आणखी एक गोष्ट त्या सहकाऱ्यानं सांगितली होती. चालू शकणाऱ्या लोकांनी धीर देऊन फारसं काही होत नाही, खुर्चीतला माणूस शोधा. आपल्याकडं असा माणूस कुठं शोधायचा म्हणून आम्ही हसलो होतो. आमचं गाव कोल्हापूरपासून फार लांब नाही, आणि नसीमा हुरजूक हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. सोळाव्या वर्षी त्यांचे पाय गेले. त्या काळ्याकुट्ट दिवसांत त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. तेही कमरेखाली अधू, आणि तरी कामधंदा करत हिंडणारे. त्यांना बघून नसीमादीदी उभ्या राहिल्या. पायांवर नव्हे, पण उभ्याच. १९८४ मध्ये त्यांनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन २००१ चं. वहिनींनी ते वाचनालयातून आणून उशाशी ठेवलं होतं. दादानं चार महिने हात लावला नाही. एका रात्री झोप येईना म्हणून उघडलं, ते सकाळी मिटलं.

सांगली जिल्ह्यातलेच मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडले. व्यायाम म्हणून पाण्यात उतरवलं होतं, ते पोहायलाच लागले. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. २०२४ मध्ये त्यांच्यावर सिनेमा निघाला तेव्हा कुठं घरोघरी नाव पोचलं. पुण्याला खडकीत जखमी जवानांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पुण्यात चार वर्षं इंजिनिअरिंग करताना त्या रस्त्यानं आम्ही कितीदा तरी गेलो असू. आत काय आहे हे कधी विचारलं नाही.

पण दादाला घराबाहेर काढलं ते या मोठ्या माणसांनीही नाही. शेजारच्या तालुक्यातला एक मोबाईल दुरुस्तीवाला, तिसाव्या वर्षी विहिरीत पडलेला, त्याच्या तीनचाकी स्कूटरवरून एक दिवस आला. दार लावून दोघं तीन तास बोलले. काय बोलले ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. एवढं कळलं की त्यानंतर आई मुलाच्या खोलीत झोपायची बंद झाली आणि खोलीला आतून कडी लागायला लागली. आईला वाईट वाटलं होतं. पण नवरा-बायकोला दीड वर्षं एक दार नव्हतं, हे आम्हा कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

वहिनींबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पहिल्या वर्षी सगळ्यांनी, आम्हीसुद्धा, गृहीत धरलं होतं की त्या अंगणवाडी सोडतील. आम्ही तर उदारपणे म्हणालो होतो, "पगाराचं बघू नका, आम्ही पाठवू." त्यांनी ऐकलं नाही. म्हणाल्या, "चार तास मला पोरांत जाऊ द्या, नाहीतर मी यांच्या आधी खाट धरीन." मग त्या चार तासांसाठी गावातल्या एका मुलाला पगारी ठेवलं, आणि पैसे पाठवायचे ते त्याच्यासाठी पाठवले. आजही कुणी भेटलं की आधी दादाची चौकशी करतात. तुम्ही अशा घरी फोन केलात तर आधी तिला विचारा, की तुझी पाठ कशी आहे, तू झोपतेस का.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या माहितीप्रमाणे जगात दीड कोटीहून जास्त माणसं मणक्याच्या इजेसह जगताहेत. आपल्या कार्यक्रमानं त्यातल्या किती जणांना पुरे पडणार? तो हिशोब आम्ही करत नाही. आम्हाला एवढं माहीत आहे की आजच्या यादीत हवेच्या गाद्या आहेत, मापाच्या खुर्च्या आहेत, नळ्या आहेत, सिमेंट आणि वाळू आहे, आणि चार तासांच्या मदतनिसाचा पगार आहे. त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही. समितीत एकानं विचारलं होतं, यात डोनरना दाखवायचं काय? आम्ही म्हटलं, न झालेला बेडसोर. तो फोटोत येत नाही हे खरं.

दादाचं दुकान २०२२ च्या गुढीपाडव्याला पुन्हा उघडलं. टेबल खाली केलं, वायंडिंगचं यंत्र हाताच्या टप्प्यात आणलं. जड मोटर उचलायला पोरगा आहे. तार भरायला बोटं लागतात, आणि ती पहिल्यासारखीच चालतात. दुकानातही गजर वाजतो, तो अंग उचलतो, पुन्हा कामाला लागतो. वाईट दिवस येतात. पाय आखडतात, कधी कधी आग होते, आणि गावात लग्नाला गेलं तर कार्यालयाला पायऱ्या असतात. २०१६ चा कायदा झाला, पायऱ्या तशाच आहेत. तिथं तो परत फिरतो आणि दोन दिवस कुणाशी बोलत नाही.

गेल्या रविवारी या भाषणाची परवानगी घ्यायला फोन केला. आम्ही विचारलं, लोकांना तुझ्याबद्दल काय सांगू? म्हणाला, "जे हाय ते सांगा, फक्त बिचारा म्हणू नका." आणखी काहीतरी सांगायला लागला, तेवढ्यात मागून कुणाचा तरी आवाज आला. "थांब, गिऱ्हाईक आलंय," म्हणाला आणि आमचा फोन ठेवून दिला.

पाकिटं चहाच्या टेबलावर आहेत. चेक मंडळाच्या नावे लिहायचा आहे.